मुखवट्याचा वेश : उभ्या गौरींची नेसण व केशरचना

भाद्रपद शुद्ध पक्षात चंद्र अनुराधा नक्षत्री आला म्हणजे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील पाबळसारख्या गावांतून घरोघरच्या पेट्या उघडल्या जातात आणि वर्षभर मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेले मुखवट्यांचे जोड बाहेर निघतात. सवाष्णी ते सुपात घेऊन हळदीकुंकवाच्या पावलांवरून घरात आणतात. दुसऱ्या दिवशी ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन व तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर विसर्जन होते. तिथी मागेपुढे होते, नक्षत्रे ढळत नाहीत. या व्रताची कथा, त्यातील नैवेद्य, सोळा पदरी दोरे व शास्त्राधार यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु त्या मुखवट्याखाली जो देह उभा केला जातो, त्यास जे लुगडे नेसविले जाते व त्याच्या मस्तकी जो केशसंभार कल्पिला जातो, त्यांचा विचार बहुधा बायकांची हौस या सदरात टाकून अभ्यासक पुढे गेलेले दिसतात. वस्त्रेतिहासाच्या दृष्टीने ही उपेक्षा हानिकारक ठरली आहे. मुखवटा हा स्थिर असतो व वेश हा बदलता असतो. तेव्हा कोणत्या मुखवट्यास कोणता वेश साजतो, हे ठरविताना समाजाने स्त्रीच्या सजलेल्या रूपाविषयीची आपली कल्पना वर्षानुवर्षे नकळत नोंदवून ठेवलेली आहे.

पाबळ हे शिरूर तालुक्यातील गाव इतिहासवाचकांस परिचित आहे ते मस्तानीच्या समाधीमुळे. पहिला बाजीराव 28 एप्रिल 1740 रोजी रावेरखेडी येथे निवर्तला व त्याच वर्षी मस्तानीचाही अंत झाला. पुढे तिच्या वेशाविषयी जे चित्र लोकमानसात रूढ झाले, त्याचा बराच मोठा भाग उत्तरकालीन कलाकृतींनी पुरविलेला आहे. ना. सं. इनामदार यांची ‘राऊ’ ही कादंबरी 1972 सालची, तर तिच्यावर आधारलेला ‘बाजीराव मस्तानी’ हा चित्रपट 2015 सालचा. येथे प्रथम एक चेहरा निश्चित झाला, नर्तकीचा किंवा प्रेयसीचा, आणि मग त्या चेहऱ्यास शोभेल असा पोशाख, असे केस व असे दागिने निवडले गेले. वेश हा मुखवट्यामागून येतो, या गोष्टीचे हे विषयान्तरातील परंतु बोलके उदाहरण होय. मस्तानीच्या बाबतीत ही क्रिया इतिहासास बाधक झाली. त्याच गावच्या गौरींच्या बाबतीत तीच क्रिया इतिहासाचे साधन ठरते. मात्र ते साधन सावधपणे हाताळले पाहिजे.

प्रथम शब्दांकडे वळणे इष्ट. ‘मुखवटा’ हा शब्द ‘मुखपट्ट’ किंवा ‘मुखपट’ अशा एखाद्या संस्कृत रूपापासून निघाला असण्याचा संभव आहे. स्वरांमधील ‘प’चा ‘व’ होणे हे ‘दीप – दिवा’ किंवा ‘कपाट – कवाड’ या जोड्यांवरून परिचितच आहे. परंतु ‘मुख’मधील ‘ख’ अबाधित राहिला, ही गोष्ट लक्षणीय होय. प्राकृतात ‘मुख’चे ‘मुह’ झाले व हिंदीत ‘मुँह’ आले. अस्सल तद्भव मार्गाने आलेला शब्द ‘ख’ राखून ठेवता ना. तेव्हा या शब्दाचा उत्तरार्ध लोकांच्या तोंडी झिजलेला व पूर्वार्ध पंडितांनी सावरलेला, अशी त्याची घडण मानावी लागते. देवघरात वावरणाऱ्या शब्दास अशी मिश्र घडण असणे अस्वाभाविक नाही. याच्या उलट ‘सोंग’ हा शब्द. तो हिंदीतील ‘स्वाँग’चा सख्खा भाऊ असून त्याचा वावर चव्हाट्यावरचा आहे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, या म्हणीतील सोंगात फसवणुकीची जी छटा आहे ती ‘मुखवटा’ या शब्दास पूर्वी नव्हती. ‘त्याने सज्जनपणाचा मुखवटा चढविला आहे’ यांसारखे प्रयोग अर्वाचीन गद्यातील होत. गौरीचा मुखवटा कोणी ‘चढवीत’ नाही, तो ‘बसवितात’.

याहून महत्त्वाचा पुरावा क्रियापदांचा आहे. अंगावर वस्त्र धारण करण्यास मराठीत एकच क्रियापद नाही. लुगडे, धोतर ही कमरेभोवतीची वस्त्रे ‘नेसतात’. चोळी, अंगरखा ही शिवलेली वस्त्रे ‘घालतात’. शाल, शेला ‘पांघरतात’. दागिने व काजळ ‘लेतात’. यांपैकी ‘नेसणे’ हे ‘नि’ या उपसर्गासह ‘वस्’ धातूपासून प्राकृतातून आलेले आहे. गौरीस लुगडे ‘नेसवितात’. हे प्रयोजक रूप लहान मुलीस लागते, नववधूस लागते, आजाऱ्यास लागते. म्हणजे जो स्वतः नेसू शकेल, परंतु या प्रसंगी दुसरा त्यास नेसवीत आहे, अशाच व्यक्तीस ते लागते. खांबास वस्त्र ‘गुंडाळतात’, पेटीवर ‘घालतात’, कलशास ‘बांधतात’. त्यांस ते कधी नेसवीत नाहीत. मडक्यांच्या उतरंडीस लुगडे नेसविले असे जेव्हा गृहिणी म्हणते, तेव्हा त्या उतरंडीस कंबर असल्याचे तिच्या व्याकरणाने मान्य करून टाकलेले असते. प्राणप्रतिष्ठेचा मंत्र त्यानंतरचा.

हा देह कशाचा करतात, हे प्रांतपरत्वे व घराण्यापरत्वे भिन्न असते. कोकणस्थांच्या अनेक घरांत पाणवठ्यावरून आणलेले खडे हीच गौर. तिला मुखवटा नाही, म्हणून नेसणही नाही. किनारपट्टीवर तेरड्याच्या रोपांची जुडी सुपात ठेवून तिला कागदी मुखवटा लावतात व लुगड्याने वेढतात. देशावर उभ्या गौरींचा प्रघात मोठा. पूर्वी धान्याने भरलेल्या मडक्यांची उतरंड किंवा कणगी यांवर मुखवटा ठेवीत. पुढे लाकडी तिवई, पत्र्याची कोठी व लोखंडी सांगाडा आला. विदर्भ व मराठवाडा या भागांत यांनाच महालक्ष्म्या म्हणतात, आणि ज्येष्ठा व कनिष्ठा यांच्यासोबत त्यांची बाळेही मांडतात. खडा, रोप, मडके, सांगाडा अशी ही क्रमवार उत्क्रान्ती होय, असे मांडण्याचा मोह अभ्यासकास होतो. तो आवरला पाहिजे. हे सर्व प्रकार आजही शेजारशेजारच्या घरांत नांदत आहेत व प्रत्येक घर आपल्या कुळाचाराबाहेर जाण्यास नाखूष असते. एक प्रकार दुसऱ्याचा पूर्वज आहे असे त्यांवरून सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की, जेथे मुखवटा आहे तेथेच वेशाचा प्रश्न उद्भवतो.

‘ज्येष्ठा’ या नावाविषयी येथे थोडे सांगणे अवश्य आहे. पुराणांतील ज्येष्ठा म्हणजे लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी. दक्षिणेत तिच्या कावळ्याच्या ध्वजासह घडविलेल्या मूर्ती आढळतात. घरात आवर्जून आणावी अशी ती देवता नव्हे. मराठी गृहिणीने ज्येष्ठा हे नाव नक्षत्रावरून घेतले, त्यास कनिष्ठा ही जोड दिली व दोघींना माहेरवाशिणी करून टाकले. अलक्ष्मीचा मागमूस या पूजेच्या वेशात कोठेही उरलेला नाही. गौर ही लेक होय, ती तीन दिवस माहेरी येते, पहिल्या दिवशी भाजीभाकरी खाते, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी जेवते आणि ओटी भरून परत जाते. तेव्हा तिचा वेश कोणता असावा हा प्रश्न पुराणाने सोडविलेला नसून व्यवहाराने सोडविलेला आहे. सासरी सुस्थितीत असलेली लेक माहेरी सणास येताना जसा वेश करील, तसा.

मुखवट्यास वेश जुळविण्यातील खरी अडचण मात्र तात्त्विक नसून कारागिरीची आहे. पितळी मुखवटा पुढून भरीव भासला तरी मागून पोकळ असतो. शाडूच्या जुन्या मुखवट्यांचीही तीच स्थिती. गळ्याशी तो एकदम संपतो आणि त्याखाली मडक्याचा काठ किंवा सांगाड्याची पट्टी सुरू होते. हा सांधा झाकला नाही तर देह उभा राहत नाही. मडक्यावर ठेवलेले एक तोंड तेवढे दिसते. म्हणून गौरीच्या अलंकारांचा क्रम सुवासिनीच्या अलंकारांहून काहीसा निराळा असतो. सुवासिनीच्या गळ्यात मंगळसूत्र प्रथम. गौरीच्या गळ्याशी प्रथम बसते ती ठुशी, चिंचपेटी किंवा वज्रटीक. गळ्याशी घट्ट बसणारा हा दागिना मुखवटा व धड यांमधील फट बुजवितो. त्याखाली मग बोरमाळ, मोहनमाळ, चपलाहार, कोल्हापुरी साज या लांब माळा छातीवरील चोळीच्या खणाची घडी झाकतात. ज्या घरी सोन्याची ठुशी नसे तेथे मण्यांची किंवा कागदाची करीत. ती वगळीत नसत. अलंकाराची ही निवड केवळ वैभवदर्शनासाठी आहे असे समजणाऱ्याने एकदा पडद्यामागून ही मांडणी पाहावी.

केशरचनेचाही उगम याच अडचणीत आहे. पोकळ मुखवट्यास मागील डोके नाही, म्हणून अंबाडा बांधावयास जागा नाही. पितळी मुखवट्यावर कपाळालगतच्या केसांच्या रेषा व भांग ठशातच उठविलेला असतो. शाडूच्या मुखवट्यावर तो काळ्या रंगाने काढतात. भांगाच्या मागे काहीच नसते. तेथे पदर येतो. पदर डोक्यावरून घेण्याचा हेतू मर्यादा हा होय असे सांगण्यात येते व जिवंत स्त्रीच्या बाबतीत ते खरेही असेल. गौरीच्या डोक्यावरील पदर हा मात्र प्रथमतः तिच्या मस्तकाचा मागील अर्धा भाग आहे. कुशल बाई पदराखाली कापडाची गुंडाळी ठेवून अंबाड्याचा उंचवटा आणते व पदराच्या काठाबाहेर गजरा किंवा वेणीचे टोक अशा बेताने सोडते की, आत केसांचा भरगच्च खोपा असावा असा पाहणाऱ्याचा समज व्हावा. मूद, राखडी, केवडा, अग्रफूल ही खोप्यावरची लेणी या मांडणीत बसत नाहीत, कारण ती पदराखाली जातील. त्यांच्याऐवजी भांगावर बिंदी-बिजवरा, कानांत कुडी, बुगडी व कानापासून केसांत अडकविण्याचे वेल येतात. वेलाचे काम येथे दुहेरी आहे. तो कानाचा दागिना तर आहेच, शिवाय पदर मुखवट्याशी खिळवून ठेवणारी कळही आहे. नाकाच्या भोकात नथ घातली म्हणजे दृष्टी चेहऱ्याच्या मध्यभागी स्थिरावते व कडांवरील सांधे नजरेआड होतात.

पुढे मागील बाजूनेही घडविलेली संपूर्ण डोकी बाजारात आली आणि ही सारी व्यवस्था हळूहळू उलटली. मस्तक पूर्ण झाले तसा पदर खांद्यावर उतरला. गंगावनाचा अंबाडा, त्यावर गजऱ्याची फेरी, अग्रफूल व केवडा ही लेणी आता दर्शनी आली. काही घरांतून तर कृत्रिम केसांचा टोप चढवून पाठीवर लांब वेणी सोडतात. गौरीच्या पदराचे हे स्थलांतर सुधारणेच्या विचाराने झाले, असे मानण्यास आधार नाही. ते मुखवट्याच्या घडणीमुळे झाले. मात्र त्याच सुमारास घरातील स्त्रियांचा पदरही डोक्यावरून खांद्यावर आलेला होता, आणि तो निराळ्याच कारणांनी आला होता. दोन भिन्न कारणांचा एकच दृश्य परिणाम झाला म्हणजे पाहणारा एकास दुसऱ्याचे कारण ठरवून मोकळा होतो. वस्त्रेतिहासातील पुष्कळ घोटाळे याच जातीचे आहेत.

नेसणीच्या बाबतीत तर असा विपर्यास अधिकच झालेला आहे. नऊवारी लुगडे सकच्छ, म्हणजे काष्टा घालून नेसण्याची रीत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरी सुशिक्षित स्त्रियांनी तिच्या जागी विकच्छ गोल साडी पत्करली व त्यावर वादही झाले. आजची गौर नऊवारीत उभी केली म्हणजे तिने जुनी नेसण जतन केली असे कौतुकाने म्हटले जाते. वस्तुस्थिती पाहिली तर उतरंडीच्या गौरीस पाय नाहीत; काष्टा दोन पायांमधून जावयाचा, आणि मडक्याच्या उतरंडीतून तो नेणे अशक्य. तिला लुगडे नऊ वारच लागे, परंतु ते गोलच नेसविले जाई. पुढे निऱ्यांचा घोळ, मागे फार तर काष्ट्याचा भास व्हावा म्हणून खोचलेली एक चुणी. म्हणजे घरातील बाई सकच्छ नेसत होती त्या काळी तिची देवता बव्हंशी विकच्छ होती. आणि आता बाई पाचवारी नेसू लागल्यावर, दोन पायांचा सांगाडा मिळाल्यामुळे, देवता सकच्छ झाली आहे. गौरीची नेसण पाहून पूर्वजांची नेसण ठरवू पाहणाऱ्याने ही अदलाबदल ध्यानी घ्यावी.

वस्त्राचा पोत व काठ यांच्या बाबतीत गौर जुने जतन करते, हेही अर्धसत्यच आहे. मुखवटा विसर्जित होत नाही. अक्षता टाकून तो हलविला की पुन्हा पेटीत जातो व पिढ्यानुपिढ्या चालतो. भाऊ वेगळे झाले म्हणजे कोणाकडे मुखवटे राहावयाचे, हा वाटणीतील नाजूक प्रश्न होतो. लुगडे मात्र प्रतिवर्षी नवे आणण्याची ऐपतदार घराण्यांची रीत, आणि तिसऱ्या दिवशी ते उतरले की घरातील सून किंवा लेक ते प्रसाद म्हणून नेसते. जे लुगडे पुढे वर्षभर माणसाने नेसावयाचे आहे, ते माणसाच्या चालू आवडीनेच घेतले जाणार. येवले व पैठण येथील पैठणी, नारायणपेठ, इरकल, नगरकडील साधी लुगडी, गुळेदगुड्डचे खण यांतून निवड होई ती त्या वर्षीच्या बाजारानुसार व खिशानुसार. म्हणून गौरीच्या अंगावरील वस्त्र हे बहुधा घरातील सर्वांत नवे वस्त्र असते. जुनेपण तिच्या चेहऱ्यात आहे व नवेपण तिच्या कापडात. या दोहोंचा मेळ घालणे हेच नेसविणारीचे कौशल्य. पिवळ्या पितळी मुखवट्यास हिरवा किंवा जांभळा रंग खुलतो, पांढुरक्या शाडूच्या मुखवट्यास लाल वा केशरी; मुखवटा रुंद असल्यास काठ मोठा घ्यावा, लहान असल्यास बारीक. हे नियम कोणत्याही ग्रंथात नाहीत, परंतु सासूने सुनेस ते सांगितलेले असतात.

मुखवट्यांच्या तोंडवळ्यावर छापील चित्रांचा प्रभाव कितपत पडला, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय होईल. राजा रविवर्मा यांचा शिळाप्रेस 1894 साली मुंबईत निघाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या तसबिरी खेडोपाडी पोहोचल्या. साडी नेसलेली, रेखीव भिवयांची, भरदार केशसंभाराची देवी घराघरांतील भिंतीवर आली. खालच्या मांडणीवर तिचा परिणाम न होता तरच नवल. रंगभूमीचा परिणामही विसरता येत नाही. बालगंधर्व (1888–1967) यांच्या लुगड्यांचे, दागिन्यांचे व केसांत फुले माळण्याच्या पद्धतीचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. पुरुषाने स्त्रीचे सोंग घेतले, स्त्रीने त्या सोंगावरून आपला साज बेतला आणि तोच साज तिने भाद्रपदात देवतेस चढविला, अशी ही परंपरा वाटते तितकी सरळ नाही.

सोंगांच्या मुखवट्यांशी तुलना केल्यास गौरीच्या वेशाचे वैशिष्ट्य अधिक स्पष्ट होते. रत्नागिरीकडील शिमग्यात येणारा संकासुर काळी कफनी, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी व कमरेस घुंगरांचा पट्टा अशा वेशात असतो. (‘शंखासुर’मधील महाप्राण अनुनासिकापुढे गळून ‘संकासुर’ झाला, हे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.) या वेशाचे काम आतील माणूस नाहीसा करणे हे होय, केस, गळा, हात, काहीही ओळखीचे उरता कामा नये. मोखाडा, जव्हार व नाशिकचा पश्चिम भाग येथील आदिवासी गावांतून होणाऱ्या बोहाड्यात गणपती, शारदा, नरसिंह, रावण यांची सोंगे लाकडाचे वा कागदाच्या लगद्याचे मोठे मुखवटे लावून संबळाच्या तालावर नाचत येतात. हा शब्द ‘भोवाडा’ असाही ऐकू येतो. ‘गर्दभ’चे ‘गाढव’ होताना महाप्राण जसा जागा बदलतो तसाच तो येथे फिरलेला दिसतो. तेथे शारदेच्या मुखवट्याखाली लुगडे असते, ते नेसणारा पुरुष असतो आणि त्यास रात्रभर नाचावयाचे असते. तेव्हा वेश आवळून, खोचून, हालचालीस मोकळा ठेवावा लागतो व मुखवट्याचा भार सांभाळण्यासाठी डोक्यास फडके बांधावे लागते. केशरचना ही तेथे मुखवट्याचीच बाब. नाचणाऱ्याच्या केसांना तीत स्थान नाही. दशावतारात तर गणपतीचा मुखवटा वगळता बहुतेक पात्रे रंगविलेल्या उघड्या चेहऱ्यानेच येतात.

युरोपात वेनिस येथील आनंदोत्सवात जो वेश रूढ होता, त्याचाही उद्देश लपविणे हाच होता. ‘बाउता’ या वेशात पांढरा मुखवटा, त्रिकोणी टोपी, डोके व खांदे झाकणारे काळे शिरोवस्त्र व लांब झगा असे. स्त्रीपुरुष व धनीचाकर ओळखू येऊ नयेत म्हणून सर्व केस आत दडवीत. ‘मोरेत्ता’ हा स्त्रियांचा काळा लंबवर्तुळाकार मुखवटा आतल्या बाजूच्या बटणाने दातांत धरावा लागे. साहजिकच तो लावणारीस बोलता येत नसे. 1797 मध्ये ते प्रजासत्ताक लयास गेले व त्या उत्सवाचे जुने वैभवही ओसरले. गौरीच्या मुखवट्यामागे लपविण्यासारखे कोणी नाही. तेथे वेश माणसास नाहीसे करीत नाही, जे नाही त्यास तो अस्तित्व देतो. खंडोबाच्या ठाण्यांत लिंगावर मुखवटा बसवून शेला गुंडाळतात व मस्तकी पागोटे ठेवतात, तोही याच वर्गातील प्रकार होय. मराठी प्रदेशात मुखवटा माणसाच्या तोंडावर जितका आढळतो त्याहून अधिक तो देवाच्या ठायी आढळतो, असे म्हणावयास प्रत्यवाय नसावा.

आता एका अप्रिय परंतु अटळ बाबीकडे वळावयाचे. गौरीचा साज हा सवाष्णीचा साज होय. तो चढविण्याचा अधिकार सवाष्णीचाच मानला जाई. एकोणिसाव्या शतकातील ब्राह्मण घरांतून ज्या काळी या मुखवट्याच्या अंबाड्यासाठी फुले निवडली जात होती, त्याच काळी, त्याच घरात, पती निवर्तलेल्या लेकीचे वा सुनेचे केशवपन झालेले असे आणि ती लाल आलवण नेसून स्वयंपाकघरात सोळा भाज्या चिरीत असे. देवतेस नसलेले केस पदराखाली कापडाची गुंडाळी ठेवून निर्माण करावयाचे आणि मानुषीचे असलेले केस काढून टाकावयाचे, या दोन क्रिया एकाच छपराखाली चालत. ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली तेव्हा वैधव्यातील अशा वंचनेचा त्यांनी कठोर समाचार घेतला. त्या शतकाच्या अखेरीस नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये विधवेशी विवाह केला व 1896 मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. केशवपनाची चाल पुढे मोडली. सुधारकांच्या या इतिहासात गौरीच्या मुखवट्याचा उल्लेख येण्याचे कारण नाही व तो येतही नाही. परंतु केस म्हणजे सौभाग्य, हे समीकरण त्या घरांतील मुलींच्या मनावर कोणत्या मार्गाने बिंबले, याचा शोध घेणाऱ्यास या मांडणीस वगळून चालणार नाही. पोथीतील वचन त्यांनी ऐकले असेल वा नसेल. मुखवट्यास वेणी माळताना मात्र त्यांनी दरवर्षी पाहिले होते, आणि ती माळण्यास कोणास पुढे बोलाविले जात नाही, हेही पाहिले होते. ब्राह्मणेतर घरांतून केशवपनाची चाल नव्हती, तरी ओटीच्या वेळी विधवेने मागे राहण्याचा दंडक तेथेही होता. अलीकडे काही घरांनी तो जाणीवपूर्वक मोडला आहे. थोरली जाऊ विधवा असली तरी लुगडे तीच नेसविते, कारण निऱ्या तिच्यासारख्या कोणास येत नाहीत.

निऱ्या येण्याची ही विद्या आता दुर्मिळ होत चालली असून बाजाराने तिच्यावर तोड काढली आहे. हातपाय असलेले पूर्णाकृती पुतळे मिळतात. त्यांच्यासाठी शिवून तयार केलेल्या, निऱ्या व काष्टा जागच्या जागी पक्का केलेल्या नऊवारी साड्या मिळतात. केस बसविलेली, अंबाडा घातलेली डोकी मिळतात. पूर्वी सकाळभर चालणारे काम आता थोडक्यात उरकते. या बदलाबरोबर भाषेतही एक बदल घडत आहे, व त्याची नोंद अद्याप कोशांनी घेतलेली नाही. शिवलेले वस्त्र ‘घालतात’, हा मराठीचा जुना नियम. त्यानुसार शिवलेली नऊवारी नेसता येत नाही. मुली लग्नसमारंभात ‘नऊवारी घातली’ असे म्हणतात ते वडीलधाऱ्यांस खटकते, पण व्याकरण मुलींच्या बाजूस आहे. गौरीच्या बाबतीत मात्र ‘घातली’ हा प्रयोग अजून सार्वत्रिक झालेला नाही. शिवलेली साडी मागून बंदांनी बांधताना देखील बायका ‘गौरीला साडी नेसवली’ असेच म्हणताना आढळतात. आणि तीच साडी विसर्जनानंतर पेटीत ठेवतात, कारण पुतळ्याच्या मापाने शिवलेली ती साडी लेकीसुनेस नेसता येण्याजोगी राहिलेली नसते.